पदवीचा बयाणा

माझ्या पदवीचा खर्च गणपतींतून निघाला. हे ऐकून लोकांना वाटतं, मी काही नवसाचं सांगते आहे. तसं काही नाही. पेणजवळ हमरापूरला आमचा गणपतीचा कारखाना होता. कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची शेड. मुंबईचा एक व्यापारी विसर्जन झालं की यायचा आणि पुढच्या वर्षीच्या मूर्तींचा बयाणा देऊन जायचा. भाव तेव्हाच ठरायचा. पुढे बाजार चढला तरी आमचा भाव तोच. गावात सगळेच असं करत, कारण प्लास्टर आणि रंग हंगामाआधी घ्यावे लागतात आणि पैसा हंगामानंतर येतो. पण बाबा बयाणा जपून घ्यायचे. निम्मा माल मोकळा ठेवायचे आणि तो शेवटी चढ्या भावाने विकायचे.

त्र्याण्णव साली मी बारावी झाले. गणितात मार्क चांगले पडले. पेणच्या कॉलेजातल्या सरांनी बाबांना बोलावून सांगितलं, मुलीला मुंबईला पाठवा, संख्याशास्त्र घेऊ द्या, पुढे कंपन्यांना आणि बँकांना हीच माणसं लागणार आहेत. बाबा चौथी शिकलेले. त्यांनी तो शब्द घरी येईपर्यंत तोंडात घोळवला असावा, कारण आईला सांगताना त्यांनी तो न अडखळता म्हटला.

"म्हंजे काय शिकायचं तिथं?" आईने मला विचारलं.

"मोजायचं."

"गणपती मोजायला मुंबईला जाते काय गो? शेडमध्ये ये, मोज."

सगळे हसले, पण पैशाचा प्रश्न तसाच राहिला. फी फार नव्हती. वसतिगृह, खाणं, पुस्तकं हा खरा खर्च होता. बाबा व्यापाऱ्याकडे गेले आणि पुढच्या वर्षाचा बयाणा हंगामाआधीच मागून आले. व्यापाऱ्याने दिला. व्याज लावलं नाही. त्याऐवजी सगळा माल त्याच्या नावावर घेतला आणि भाव थोडा उतरवला. आणखी एक अट घातली, तोंडीच. मूर्तींचे डोळे थोरलीच्या हातचे पाहिजेत.

थोरली म्हणजे माझी ताई, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. डोळे काढण्याच्या कामाला आमच्याकडे आखणी म्हणतात. साच्यातून मूर्ती काढायला, घासायला, अंगाचा रंग द्यायला माणसं मिळतात. आखणीला मिळत नाहीत. बुबुळ केसभर इकडेतिकडे झालं की देव तिरळा दिसतो किंवा रागावलेला दिसतो, आणि तशी मूर्ती कुणी घेत नाही. ताई नववीत शाळा सोडून शेडमध्ये बसली होती. तिच्या हातचे डोळे शांत असायचे. व्यापारी म्हणायचा, गिऱ्हाईक दुकानात शिरलं की आधी याच मूर्तीकडे बघतं.

पुढची तीन वर्षं अशीच गेली. दर वर्षी पुढच्या वर्षाचा बयाणा उचलायचा आणि मला पैसे पाठवायचे. शेवटच्या वर्षाच्या आधीच्या सुट्टीत मी घरी होते, तेव्हा एका दुपारी मी या सगळ्याचा हिशोब मांडला. तोवर मी दोन वर्षं दुसऱ्यांच्या आकड्यांवर गणितं करत होते, म्हटलं आपले बघू. शेजारच्या कारखान्यांना मोकळ्या मालाचा जो भाव मिळाला तो आणि आमचा भाव यांतला फरक काढला. व्याज नव्हतं असं बाबा सांगायचे. व्याज भावात होतं. फी आणि वसतिगृहाला जेवढे गेले, जवळजवळ तेवढेच या फरकात गेले होते. मग मी बाहेरचा आखणीवाला काय घेतो ते पाहिलं आणि ताईच्या कामाला तो दर लावला. घरच्या मुलीला कुणी मजुरी देत नाही, त्यामुळे हा आकडा कुणाच्याच डोक्यात नव्हता. तो सगळ्यांत मोठा निघाला.

मी तो कुणाला सांगितला नाही. सांगून त्या क्षणी काही बदलणार नव्हतं. एक वर्ष राहिलं होतं, ते पुरं करणं हाच त्यातला शहाणपणा होता.

माझी शेवटची परीक्षा संपली त्याच वैशाखात ताईचं लग्न झालं. स्थळ रोह्याजवळच्या वरसे गावचं. मुलगा कंपनीत शिफ्टला जाणारा, घरी भाताची शेती, वडील नाहीत, शेती आई बघायची. बैठकीत देण्याघेण्याचं बोलणं लवकर मिटलं. मग बाबांनी मुलाच्या आईला विचारलं, "आखाडाला पोरगी माहेरी पाठवाल ना?"

"पाठवू की. नव्या सुनेची रीतच हाय ती," त्या म्हणाल्या.

बाबांना हेच हवं होतं. आषाढ-श्रावण म्हणजे आमच्या आखणीचा काळ. आमच्या गावात मुली गावातच नाहीतर शेजारच्या वाडीत दिलेल्या असायच्या. हंगामात त्या येऊन हात लावून जायच्या, दर वर्षी. बाबांनी सासरची रीत आपल्या गावच्या मापाने मोजली. वरशाला आषाढ म्हणजे भाताची लावणी, आणि नव्या सुनेला आखाडाला पाठवायचं ते पहिल्याच वर्षी, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. आमच्या घराने शेती सोडून दोन पिढ्या झाल्या होत्या. त्यांनी व्यापाऱ्याला निरोप पाठवला, आखणीची काळजी करू नका.

त्या वर्षी अधिक आषाढ आला. आषाढ दोनदा, आणि गणपती चांगले लांबले. ताईच्या सासूने कळवलं, धोंड्याच्या महिन्यात सून देत नाही, लावणी आहे, निज आषाढात न्या. त्यावर कुणी हरकत घेतली नाही. जावयाला अनारसे मात्र गेले.

मला पहिला वर्ग मिळाला होता. भाऊजींनी निरोप दिला, रोह्याला औद्योगिक वसाहतीत एका रसायनाच्या कंपनीला आयएसओचं सर्टिफिकेट घ्यायचं आहे, त्यासाठी चार्ट काढणारं माणूस हवं आहे, येऊन भेट. मी गेले. लॅबच्या साहेबांनी कागद बघितले.

"केमिस्ट्री का नाही घेतलं?"

"केमिस्ट्रीवाले तुमच्याकडे आहेत की. चार्ट त्यांनी काढले असते तर तुम्ही मला बोलावलं नसतं."

ते हसले नाहीत, पण कागद बाजूला काढून ठेवले. पगार अठराशे सांगितला. माझ्या वर्गातल्या मुली मुंबईत याहून दुपटीची भाषा करत होत्या. कळवतो म्हणाले.

रात्री वरशाला राहिले. सकाळी ताईबरोबर शेतावर गेले. ती सासूच्या शेजारी वाकून रोपं लावत होती, सासू गुडघ्याला फडकं बांधून. दोघींच्या मागे आणखी दोन बायका. भाऊजी पहिल्या शिफ्टला गेलेले. ताई नवीन होती, तिची ओळ वाकडी जायची, आणि सासू मागे न बघता म्हणायची, "डोळं चांगलं काढतेस म्हणं, मग रेघ कशी ग वाकडी?" ताई हसायची. त्यात विखार नव्हता. दुपारी बांधावर बसलो तेव्हा मी ताईचे हात बघितले. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या पडल्या होत्या, कातडी पांढरी होऊन सुटली होती.

"हळद लावते रात्री," ती म्हणाली. "सगळ्यांनाच व्हतात."

निज आषाढ लागला आणि भाऊजी तिला पोचवून गेले. बाबांनी मूर्ती रांगेत मांडून ठेवल्या होत्या, अंगाचा रंग झालेल्या, डोळ्यांच्या जागी पांढऱ्या. ताईने ब्रश घेतला आणि पहिल्याच मूर्तीला खाली ठेवला. बोटं मिटत नव्हती. तिने एका मूर्तीवर पुन्हा पांढरा दिला, दुसरीवर दिला. आई कोमट पाणी घेऊन आली. बाबा शेडच्या दाराशी उभे राहून बाहेर बघत राहिले. दोनतीन दिवस हात सुकवण्यात गेले. मग काम जमलं, पण ती दुप्पट वेळ बसायची, आणि माल वेळेत निघाला तो केवळ गणपती लांबले होते म्हणून.

माल निघायच्या आधी व्यापारी स्वतः आला. एक मूर्ती उचलून उजेडात धरली आणि खूश झाला. तोवर मी अर्ज केला होता त्या एम.एस्सी.ची प्रवेशयादी लागली होती आणि माझं नाव तीत होतं. कामावर या, असा कंपनीचाही निरोप आला होता. बाबांनी दोन्ही गोष्टी व्यापाऱ्याला सांगितल्या.

"कंपनी कशाला?" तो म्हणाला. "पोरीला पुढे शिकवा. दोन वर्षांचा बयाणा एकदम देतो. आखणी थोरलीच्याच हातची, बस."

ताई चार हातांवर बसून डोळे काढत होती. तिने मान वर केली नाही.

"घेतो," बाबा म्हणाले.

"थांबा," मी म्हटलं. "मला हिशोब करू द्या आधी."

व्यापारी हसला. "बघा, शिकवलंत ना? आता हिशोब तुम्हालाच देणार."

"द्यायलाच पाहिजे, शेठ. शिकायचं मला आहे."

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दुसऱ्या कुणाच्या घरची आहे. पण व्यापाऱ्यासमोर वाद नको म्हणून ते म्हणाले, उद्या सांगतो.

हिशोब अवघड नव्हता. अधिक महिना नसला की गणपती दर वर्षी दहा-अकरा दिवस आधी येतात. पुढच्या वर्षी थोडे आधी, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी आधी. पाऊस पंचांग बघून येत नाही, लावणी आपल्या जागी राहते. म्हणजे दुसऱ्या वर्षी तर आखणी आणि लावणी एकमेकींवर येणार, एकाच बाईच्या दोन हातांवर. व्यापाऱ्याचे पैसे घेतलेले असणार, त्यामुळे बाबा तिला बोलावणार. सासूचं भात उभं राहिलेलं नसणार, त्यामुळे ती सोडणार नाही. मधे उभी राहणार ती ताई. लग्नाला दोन-तीन वर्षं झालेली सून दर लावणीला माहेरी जाते, एवढं म्हणणं तिला बोल लावायला त्या घरात पुरेसं होतं.

दुसऱ्या बाजूला एम.एस्सी. त्यानंतर प्राध्यापकी मिळेल, बँकेत मिळेल, मोठ्या औषधकंपनीत मिळेल, असं सगळे म्हणत. आम्हाला सरासरी शिकवताना सर सांगायचे, सरासरी शंभरांची असते, तुमच्या वाट्याला त्यातला एकच आकडा येतो. तो कुठला येईल ते मला माहीत नव्हतं. ताईच्या वाट्याला काय येईल ते माहीत होतं. एका बाजूला अंदाज आणि दुसऱ्या बाजूला खात्री असेल तर तराजू कसा धरायचा, हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं. पण मला ठरवायला दुपारही लागली नाही.

तरी मी ताईला विचारलं. ती मोरीत ब्रश धूत होती.

"बाबा दोन वर्षांचा बयाणा घेतायत. तुला यावं लागेल दर वर्षी."

"येन ना मी. तू शीक."

"तुझी सासू पाठवील?"

ती ब्रश धूत राहिली. मग म्हणाली, "पुढल्या लावणीला दोन बायका कमी हायेत. एकीचं लग्न ठरलंय, एक कंपनीत लागली. सासूचा गुडघा तू बघितलास." आणि थोड्या वेळाने, "डोळं काढायला मला आवडतं गो. कामाचा कंटाळा नाय मला. पण इथं बसले की तिथलं दिसतं, आणि तिथं वाकले की इथल्या मूर्ती. बयाण्याचं डोळं नकोत आता."

मी बाबांना सांगितलं, बयाणा घेऊ नका, मी रोह्याला जाते.

"एवढं शिकवून रसायनाच्या कंपनीत? अठराशेवर?"

"हो."

"ताईचं मी बघतो. पेण-रोहा काय लांब हाय? एसटी हाय, रेल्वेची शटल हाय."

"अंतराचा प्रश्न नाही, बाबा. एकाच महिन्यात दोन घरांना ती पुरणार नाही."

मग मी त्यांना माझा आदल्या वर्षीचा हिशोब सांगितला. भावातला फरक, आणि ताईच्या आखणीचा आकडा. बाबा रागावले नाहीत. रागावले असते तर सोपं गेलं असतं. ते म्हणाले, "मला वाटलं व्हतं तू कॉलेजात शिकवशील. पेणच्याच." आणि उठून शेडमध्ये गेले. त्या संध्याकाळी ते जेवायला आले नाहीत. आईने त्यांचं ताट झाकून ठेवलं आणि मला म्हणाली, "बरोबर बोललीस. पण आज नको व्हतं बोलायला." मला विचाराल तर दुसरा दिवस नव्हता, व्यापारी उद्या येणार होता.

व्यापाऱ्याने दोन वर्षांचा बयाणा परत खिशात घातला, रागावला नाही. पण डोळे कुणाच्या हातचे, हे न सांगता येणाऱ्या मालाला तो पुढच्या वर्षी कमी भाव देणार, हे त्याने तिथेच सांगून टाकलं. सांगितलं तसं केलं. बाबांनी हमरापूरच्याच एका मुलाला आखणीला ठेवलं. त्याचे डोळे वाईट नव्हते, नुसते डोळे होते. घरात पैसे कमी येऊ लागले. माझ्या पगारातून रोजच्या एसटीचे वजा करून उरलेले मी आईकडे द्यायची. ते ती तूट कशीबशी भरून काढायचे. पदवीने मला कमावतं केलं आणि पहिली काही वर्षं ती कमाई पदवीनेच पाडलेल्या खड्ड्यात गेली. नागोठण्याला अंबा नदीला पूर आला की रस्ता बंद, आणि त्या दिवसाचा पगार कापला जायचा. माझ्या वर्गातल्या एकीने एम.एस्सी. केलं आणि बँकेत लागली. दुसरीने केलं आणि शाळेत गणित शिकवते. माझं राहिलं ते राहिलंच. कंपनीला सर्टिफिकेट मिळालं तेव्हा भिंतीवर माझेच चार्ट होते, आणि साहेबांनी पाहुण्यांना ते समजावून सांगायला रसायनशास्त्र शिकलेल्या पोराला लावलं. नंतर पगार वाढला, नोकरी टिकली. तक्रारीला जागा नाही. नुसता जमाखर्च सांगते आहे.

बयाणा नाकारला त्याच्या पुढच्या वर्षी लावणी आटपल्यावर, श्रावणात, ताई आली. कुणी बोलावलं नव्हतं. सासूनेच पाठवलं होतं, भात लागलंय, जाऊन ये चार दिवस. ती आली ती तडक शेडमध्ये गेली. गावातल्या घरांसाठी राखून ठेवलेल्या काही मूर्ती आखणीच्या राहिल्या होत्या. त्या मुलाने तिला पाट दिला आणि स्वतः बाजूला बसून बघत राहिला. चार दिवस ताई बसली. हात सुकलेले होते. बाबा येता-जाता थांबायचे, एखादी मूर्ती वळवून बघायचे आणि पुन्हा तशीच ठेवायचे.

ती निघाली त्या सकाळी रविवारची सुट्टी संपवून मीही कामावर निघाले होते. आईने तिची ओटी भरली. बाबांनी खिशातून नोटा काढल्या आणि तिच्या हातात दिल्या.

"चोळीबांगडीला ठेव."

ताईने नोटा हातात तशाच धरल्या. "चोळीबांगडी आईने दिली, बाबा. हे आखणीचे द्या."

"लेकीला मजुरी देतात काय ग?" बाबा म्हणाले. "लोक काय म्हणतील?"

"त्या पोराला देता ना? मग मला पण द्या. तो घेतो त्या भावाने."

मी बोलले नाही. हा आकडा मी मांडला होता, पण मागायचा तो तिलाच होता. बाबा उभे होते. आयुष्यात कधी त्यांनी मुलीच्या कामाला भाव लावला नव्हता, आणि मला दिसत होतं की त्यांना ते पाप वाटत होतं. त्यांनी नोटा परत घेतल्या. मला वाटलं, झालं, बिनसलं. मग ते आत गेले, त्या मुलाला विचारून आले, किती मूर्ती झाल्या ते, आणि पत्र्याच्या डब्यातून आणखी दोन नोटा काढून मघाच्यांत घातल्या. देताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"घे. आखणीचे."

ताईने नमस्कार केला आणि पैसे कमरेला खोचले. पेणला स्टँडवर रोह्याची गाडी लागलेली होती. कंडक्टर आला तेव्हा मी पर्स उघडली. ताईने माझा हात खाली केला आणि म्हणाली, "दोन द्या." मी तिला तिकीट काढू दिलं.